गावाचं पोतं

माझा बाप पैशाच्या बाबतीत दगड होता. मी हे मायेनंच सांगते, पण दगड तो दगडच.

सोयाबीन निघालं की आमच्या गावात ऐपत असेल त्यानं पोतं, नसेल त्यानं पायलीभर मारुतीच्या देवळात आणून टाकायचं. आधी ते विकून भंडारा व्हायचा. मग एका वर्षी गावानं ठरवलं, बुंदी बंद. सरकारी योजनेत न बसणाऱ्या दुखण्यांना हा पैसा द्यायचा. कुणाला द्यायचा ते पंचांनी सभामंडपात बसून ठरवायचं, आणि ज्याच्या घरी दुखणं त्यानं तोवर बाहेर पायरीवर बसायचं. हा नियम माझ्या बापाचा, म्हणजे आबांचाच.

पंचांत बसले की आबांचा एकच सवाल असे, "उपेग किती वर्षांचा?" लेकराचं ऑपरेशन म्हटलं की लगेच मान हलवायचे. शिलाई करणाऱ्या मावशीची सासू लय थकलेली, तिला मात्र नाही म्हणाले. "गावाचं पोतं हाय, त्याला बूड हाय."

मी चिडायचे. "आबा, माणसं काय बैलं आहेत का, दात बघून दाम ठरवायला?"

"मग तूच सांग, कुणाला न्हाई म्हणू?"

मी आणखीच तणतणत चुलीपुढं जाऊन बसायचे.

गेल्या साली आबांनाच कॅन्सर निघाला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं घेतली तर वर्ष-दीड वर्ष मिळेल, नाहीतर दिवाळीसुद्धा कठीण. इंजेक्शनं योजनेत नव्हती. पंचांना सांगते म्हटलं तर आबा खेकसले, "हाड्! एका वर्षासाठी गावाचं खायचं व्हय?" मी ऐकते कशाला! पंचांच्या कानावर घातलं आणि हाताला धरून त्यांना पायरीवर नेऊन बसवलं. धोतर सावरत असे गुमान बसले, की मला हसू येईना आणि रडूही येईना.

आत बोलावलं. पंचांत त्या साली ती शिलाईवाली मावशी होती. तिनं विचारलं, "आबा, उपेग किती वर्षांचा?"

वाटलं, आता हा माणूस 'मला नको' म्हणून उठणार. पण आबा उठले नाहीत.

"उपेग काय न्हाई, बाई," ते म्हणाले. "पर मला लय जगू वाटायलंय."

मावशीनं पदर डोळ्याला लावला. "आमच्या म्हातारीलाबी वाटायचं," ती म्हणाली, आणि पहिला हात तिनंच वर केला.

इंजेक्शनं सुरू झाली. आबा आहेत, चहात साखर कमी पडली म्हणून माझ्याशी भांडतात. यंदा पंचांनी त्यांना पुन्हा बोलावलं, तर गेले नाहीत. "कुणाला न्हाई म्हणाया आता माझी जीभच उचलत न्हाई," म्हणाले.

मग गावानं मला बसवलं. मी देवळात गेले तेव्हा पायरीवर दोन घरची माणसं बसली होती, आणि पैसा एकाच घराला पुरणार होता.