गच्चीवरून उतरलेला धूर

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना. अंधेरीच्या आमच्या गल्लीत गटारखात्याची चार माणसं पत्र्याचं पिंप घेऊन आली. पिंपात त्यांनी नारळाची सोडणं आणि ओली गोणपाटं पेटवली आणि हाताने फिरवायच्या पंख्याने धूर चेंबरमध्ये ढकलू लागली.

मुकादमाने जमलेल्यांना सांगितलं, रस्त्याखाली दोन लाइनी आहेत, एक मैल्याची, एक पावसाची. मैल्याची जुनी आहे आणि अरुंद. तिच्यात पावसाचं पाणी शिरलं की ती तुंबते आणि सगळ्यात खालच्या घरात उलटते. ते पाणी कुठून शिरतं, हे तिच्यात सोडलेला धूर दाखवील.

सगळ्यात खालचं घर शेजारच्या काकूंचं. उताराच्या टोकाला, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरची एकच खोली. दर पावसाळ्यात त्यांच्या मोरीतून मैला वर यायचा. त्यांची मुलगी पहिलटकरीण होती आणि जुलैत तिचे दिवस भरत होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण घाटकोपरच्या विहीणबाईंचा निरोप आला होता: त्या घाणीत सून पाठवणार नाही.

धूर बराच वेळ कुठेच दिसला नाही. मग रस्त्याच्या एका भेगेतून पांढरी रेघ निघाली आणि शेवग्याच्या खोडाभोवती फिरत राहिली. वारा नव्हता. वाळत घातलेल्या धोतरांमध्ये धूर अडकला, सुटला. गल्ली हळूहळू पाण्याखाली असल्यासारखी दिसू लागली. माणसं हलत होती, पण आवाज लांबून येत होते. तेवढ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बायका ओरडल्या, "अगं बाई, पेटलं काय?"

पेटलं काही नव्हतं. गच्चीचं पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडातून धूर येत होता. कठड्यावरून तो सावकाश खाली उतरला, साय ओतावी तसा.

"हा पाइप मैल्यात कोणी सोडला?" मुकादमाने विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. माझे वडील गिरणीत फिटर होते. गच्चीचं पाणी अंगणात, गणपतीच्या मांडवात पडायचं, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनीच तो पाइप चेंबरला जोडला होता. त्या वर्षी मांडव कोरडा राहिला आणि पहिल्या आरतीचा मान त्यांना मिळाला.

काकू पदराने नाक धरून उभ्या होत्या. "भाऊजी, दरवर्षी म्हणत होतात ना, तुमच्या मोरीतच खोट आहे? आता बोला की."

"काय बोलू, वहिनी," वडील म्हणाले. "माका वाटला, पाणी जाता म्हणजे गेला."

"गेलं ना. माझ्याकडे."

दुपारी वडिलांनी करवत काढली, पाइप कापला आणि चेंबरचं भोक सिमेंटने बुजवलं. इमारतीतले एक गृहस्थ जिन्यावरून म्हणाले, "फिटरसाहेब, आता गणपतीला होडी आणा!" वडिलांनी सिमेंटवर पुन्हा थापी फिरवली.

रविवारी ते मला घेऊन घाटकोपरला गेले. विहीणबाईंनी पाणी दिलं, पाट दिला, आणि सरळ विचारलं, "पुन्हा आलं तर?"

"अंगणात येईल. घोटाभर. तो आमचा प्रश्न. त्यांच्या मोरीत नाही येणार."

"कशावरून म्हणता?"

"जोडला मी होता. कापलाही मीच."

हे कबूल करायला कोणी एवढ्या लांब येतं, याचा बहुधा विहीणबाईंना अंदाज नव्हता. मग आत सुनेकडे पाहून म्हणाल्या, "ऐकलंस ना गं? माहेरी न्यायचे कपडे काढून ठेव." आणि वडिलांना, "पण पाऊस लागला की मी स्वतः येऊन मोरी बघणार हं."

जुलै संपता संपता त्या खरंच आल्या. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. साडी वर धरून त्या अंगणातल्या पाण्यातून काकूंच्या खोलीत शिरल्या, मोरीत वाकल्या, बोट फिरवून हुंगलं. मोरी स्वच्छ होती. खोलीत शेपा-ओव्याची धुरी होती. खाटेवर बाळंतीण आणि तिची तान्ही लेक झोपल्या होत्या. विहीणबाई पाय पुसून त्यांच्या शेजारी टेकल्या आणि काकूंना म्हणाल्या, "आता चहा टाका."