उतरली म्हणजे गेली असं नाही

शर्टाची एक बाही इस्त्री झाली होती, दुसरी अजून चुरगळलेलीच होती, तेवढ्यात फोन वाजला. बसच्या सुपरवायझरचा. सोमवारी सगळ्या ड्रायव्हरांची लघवी तपासणार, दारू-बिरू, नशा-बिशा सगळं बघणार, कुणी दांडी मारायची नाही.

"तुमचं काय ताई, तुम्ही तर चहासुद्धा निववून पिता," तो हसत म्हणाला आणि पुढच्याला फोन लावायला मोकळा झाला.

हॉर्नआजीने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तिथेच स्टुलावर बसली.

शाळेच्या बसमधल्या पोरांनी तिला हे नाव ठेवलं होतं, तेही उलटं. कारण ती हॉर्न म्हणून वाजवायची नाही. पुढे म्हैस आडवी येवो की मोटार, ती थांबायची आणि समोरचं आपसूक बाजूला व्हायची वाट बघायची. "आजी, वाजवा ना!" पोरं ओरडायची. "तुम्ही आहात की वाजायला," ती म्हणायची. आधी तिने बेकरीची गाडी चालवली होती. नवरा साखरेच्या आजाराने घरी बसला, तेव्हा पाव सोडून पोरं घेतली. पाव तक्रार करत नाहीत, एवढाच काय तो फरक, असं ती सांगायची.

गाडी सुरू करण्याआधी ती स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटायची. मागणं एकच. देवा, जेवढी चढतील तेवढी सगळी उतरू दे. आणि नुसतं देवावर सोडूनही द्यायची नाही. शेवटचा थांबा झाला की इंजिन बंद करून मागच्या सीटपर्यंत चालत जायची, प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. कधी डबा सापडायचा, कधी मोजा, आणि एकदा चक्क गाढ झोपलेला एक पोरगा. बाहेरून बघणाऱ्याला बस रिकामीच वाटली असती.

या वाकण्यानेच की वयाने, तिची कंबर धरली. रात्री कूस बदलता येईना. मलम झालं, शेक झाला. मग धाकटी बहीण परदेशातल्या मुलाकडे राहून आली आणि येताना जेलीच्या वड्यांच्या चार-पाच डब्या घेऊन आली. तिकडे ही गांजाची जेली दुकानात राजरोस मिळते.

"गांजा म्हणू नकोस गं ताई, औषध म्हण," बहीण म्हणाली. "ओढायचं नाही, धूर नाही, वास नाही. अर्धी वडी खायची आणि झोपायचं. सकाळी उतरलेली असते."

उतरलेली असते. हा शब्द हॉर्नआजीला पटला. जे रात्री चढतं आणि सकाळी उतरतं, त्याच्याशी तिचं रोजचंच काम होतं. ती रात्रीची प्रार्थना आटपायची, अर्धी वडी चघळायची, आणि कंबर हळूहळू तिला सोडून द्यायची. महिने गेले. सवय लागली, पण त्याला सवय म्हणायचं तिच्या मनात आलं नाही. औषधच तर होतं.

फोन ठेवल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता. सुरी खाली ठेवून बराच वेळ विचार करून म्हणाला, "तुझ्या नावाची बाटली मी भरून देऊ का?"

"अहो, तुमच्यात साखर निघेल. गांजाच्या जागी मला मधुमेह चिकटवतील."

दोघं हसली, पण हसू टिकलं नाही. तिची नोकरी गेली तर या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

कळताच बहीण धावत आली, सोबत तिची मुलगीही होती. ही भाची रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बहिणीकडे उपाय तयारच होते. लिंबाचं पाणी. ताक. घाम काढायचा. "आणि आजपासून बंद कर. सोमवारपर्यंत उतरून जाईल सगळं."

"आई, गप्प बस जरा," भाची म्हणाली. "मावशी, रोज घेत होतीस?"

"रोज. अर्धीच."

"मग सोमवारपर्यंत नाही जायचं."

"पण सकाळी तर उतरलेली असते."

"नशा उतरते. वस्तू नाही उतरत." भाची शब्द शोधत थांबली. "एखाद्याने एकदाच खाल्ली तर लघवीत काही दिवस दिसते. रोज खाणाऱ्याच्या चरबीत ती साठत जाते आणि तिथून सावकाश पाझरत राहते. आठवडे जातात. कुणाला महिन्याहूनही जास्त. नक्की दिवस कुणीच सांगू शकत नाही, ज्याच्या त्याच्या अंगावर असतं. पाणी पिऊन लघवी पातळ होते, चरबी धुतली जात नाही. आणि फार पातळ नमुना दिला तरी लॅबला संशय येतोच."

हॉर्नआजी ऐकत होती. तिला मागच्या सीटवर झोपलेला तो पोरगा दिसला. सगळी उतरली असं समजून ती त्या दिवशी बसला कुलूप लावून गेली असती तर.

"म्हणजे मी बघायलाच गेले नाही," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. मला सांग, खाल्लेली असली तर सकाळीसुद्धा अंगात असते का? म्हणजे डोक्यात?"

भाचीने आईकडे पाहिलं. "पोटातून यकृतात, तिथून रक्तात, असा लांबचा फेरा असतो तिचा. म्हणून उशिरा चढते आणि उशिरा उतरते. जास्त झाली तर दुसऱ्या दिवशीही जड वाटतं. का गं?"

मग हॉर्नआजीने ते सांगितलं, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एका रात्री अर्धी वडी खाऊन बराच वेळ काहीच झालं नाही. तिला वाटलं, ही लागूच पडली नाही. म्हणून तिने आणखी एक अख्खी खाल्ली. सकाळी डोकं कापूस भरल्यासारखं होतं. तरी ती बसवर गेली. आणि चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी रोज उभी असणारी चिमुरडी हात हलवत उभी होती, ती तिला दिसली, दिसली आणि तरी पाय ब्रेकवर गेलाच नाही. बस पुढे गेली. मागून पोरं ओरडली, "आजी, राहिली, राहिली!" तेव्हा थांबली. पोर धावत आली, हसत चढली. झालं काहीच नाही.

"झालं काहीच नाही ना मग," बहीण म्हणाली.

"धावत ती बसच्या मागून आली. मला आरशात दिसत नव्हती."

भाजी तशीच अर्धी पडली होती. सोमवारच्या तपासणीची भीती हॉर्नआजीच्या मनात अजून होतीच, पण ती आता लहान झाली होती, शेजारी दुसरी एक मोठी येऊन बसल्यामुळे. तपासणी पुढे ढकलली गेली असती, बाटली बदलली गेली असती, सगळं निभावलं असतं, तर तिने पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवून देवाला काय म्हटलं असतं?

सकाळी ती बस काढायच्या वेळेआधीच यार्डात पोचली. सुपरवायझर टायर तपासत होता. तिने चावी त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, वड्या, कंबर, गल्लीच्या तोंडाची पोर.

तो आधी हसलाच. मग तिचा चेहरा बघून इकडेतिकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे मला सांगितलंच नाहीत असं समजू. आजारपणाची रजा टाका. निवळलं की या. तुमच्यासारखा ड्रायव्हर मला मिळायचा नाही."

"रजा द्या. पण कारण खरं लिहा."

"खरं लिहिलं तर मालक परत बसवतील का, मला सांगता येत नाही."

"मलाही नाही."

"मग कशाला लिहायचं?"

"उद्या माझ्या जागी जो बसेल, तोही रात्री काहीबाही घेत असेल. त्याला तुम्ही विचाराल, म्हणून."

सुपरवायझरने चावी मुठीत धरली. मग म्हणाला, "मालक दुपारी येतात. मी खरं तेच लिहितो. नंतरची तपासणी स्वच्छ आली की तुमच्यासाठी शब्दही टाकतो. पुढचं त्यांच्या हातात."

"देवाच्या," ती सवयीने म्हणाली, आणि मग स्वतःलाच दुरुस्त करून, "त्यांच्याही."

बस दुसऱ्याच कुणीतरी बाहेर काढली. फाटकातून बाहेर पडता पडता त्याने जोरात हॉर्न वाजवला. ती दचकली, आणि कंबरेतून कळ थेट टाचेपर्यंत गेली. फाटकाला धरून ती श्वास जागेवर येईपर्यंत उभी राहिली. आता रात्री अर्धी वडी नव्हती, आणि कंबर तर होती तशीच होती.

घरी न जाता ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली. हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावायचा होता.