एकेचाळीस खुर्च्या

आमच्या सरांसारखा हजेरीवेडा माणूस कोपरीपासून शहाडपर्यंत दुसरा झाला नाही. जिवंत माणसांची हजेरी सगळेच घेतात हो, हे मेलेल्यांचीही घ्यायचे. आफ्रिका आणि तिथून जगभर नेलेल्या माणसांचा अभ्यास, असा आमचा विद्यापीठातला विभाग. सर एकटे प्राध्यापक, मी एकटी क्लार्क आणि विद्यार्थी उणेपुरे तीन. ती तीन नावं झाली की सर घसा खाकरायचे आणि एका जुन्या जहाजाची यादी उघडायचे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोकणात आणून विकलेल्या एकेचाळीस माणसांची यादी, नाव एकाचंही नाही. "बाई, वय वीस, गालावर व्रण," असं वाचून सर 'हजर' म्हणायला लागेल तेवढा वेळ थांबायचे. मग पुढचा. वर्गात तेवढ्या खुर्च्याही मांडलेल्या. शेजारच्या विभागातल्या शिपायाने परीक्षेसाठी त्यातल्या दोन मागितल्या, तर सर शांतपणे म्हणाले, "बसलेत तिथे." तो शिपाई पुन्हा आमच्या मजल्यावर फिरकला नाही.

कशासाठी हा उपद्व्याप, असं मी एकदा विचारलेलं. तर म्हणाले, एवढी माणसं उतरवून घेतली, पण त्यांना नावाने हाक कोणी मारली नाही. आपण निदान थांबून बघू. दहाहून कमी विद्यार्थ्यांचे विभाग बंद होणार असं कानावर आलं, तेव्हापासून ठाकुर्लीच्या घरी त्यांचं जेवण तुटलं. नोकरीची फिकीर नव्हती त्यांना. यांची हजेरी मग कोण घेईल, एवढीच धास्ती.

त्यात मी धांदरट. वरून हजेरीपत्रक मागवलं आणि मी घाईघाईत दोन्ही याद्या एकत्र पाठवून मोकळी झाले. चव्वेचाळीस विद्यार्थी! आठवड्याभरात तपासणीला एक बाई आल्या. खोटी हजेरी म्हणजे विभाग गेलाच. सरांनी मात्र रोजच्यासारखी दोन्ही हजेऱ्या घेतल्या. बाई दारात उभ्या राहून ओठातल्या ओठात मोजत होत्या. मग चव्वेचाळीस हजर, असं लिहून त्यांनी सही ठोकली आणि जाताना मला म्हणाल्या, "मागच्या रांगेतली मुलं ओल्या कपड्यांनी बसलीत. पंखा बंद करा जरा."

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. मी पंखा बंद केला.

विभाग वाचला. सर गेल्या दिवाळीनंतर गेले. नवे प्राध्यापक मिळेपर्यंत हजेरी माझ्याकडे आहे. एकेचाळीस झाले की मी शेवटी एक ओळ जास्त वाचते, "पुरुष, वय साठ, बोटांना खडू." नाव मुद्दाम नाही लिहिलं, त्यांना त्या यादीतच बसायला आवडेल. वाचून मी थांबते. मागून घसा खाकरल्याचा आवाज येतो. भीती नाही वाटत मला. फार आठवण येते त्यांची, आणि तो आवाज आल्याशिवाय हजेरीची वही बंद करवत नाही.