मिरवणूक कुठून वळते

"हा मेसेज ॲडमिनने डिलीट केला आहे."

पौडच्या एसटी स्टँडवर उभी होते. दवाखान्यातली ड्युटी संपवून घरी निघाले होते. सकाळी ग्रुपवर जिथे मी पाठवलेला माझा आवाज होता, तिथे आता ही एक ओळ होती. तिच्याखाली केतकीताईंचं वाक्य. एरवी जर्मनमध्येच लिहा म्हणणाऱ्या ताईंनी ते मराठीत लिहिलं होतं, कुणाला कळायचं राहू नये म्हणून.

"कृपया इथे जात आणू नका. आपण सगळ्या फक्त भाषा शिकायला आलो आहोत."

त्याखाली अंगठे. एकामागून एक अंगठे. गाडी आली, गेली. मी चढलेच नाही.

मी नर्स आहे. जर्मनीत नर्स हव्यात, पण आधी त्यांच्या भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. तोंडी परीक्षेत दोघी दोघींना समोरासमोर बसवतात आणि एकमेकींशी बोलायला लावतात. एकटीने घोकून ती निघत नाही. पुण्यात क्लासला जायचं तर ड्युटी सोडावी लागली असती. म्हणून हा व्हॉट्सॲप ग्रुप. केतकीताई नांद्याकडच्या मोठ्या सोसायटीत राहतात, फुकट शिकवतात आणि त्याची आठवणही अधूनमधून करून देतात. सरावाच्या जोड्या त्याच लावतात. माझी जोडी लागायची होती.

ग्रुपची रीत अशी, की दर आठवड्याला एक विषय. प्रत्येकीने त्यावर बोलून आवाज पाठवायचा, बाकीच्यांनी चुका सांगायच्या. त्या आठवड्याचा विषय होता 'आमच्या घरचा सण'. सुरुवात ताईंनीच केली, मुलाच्या मुंजीने. जानव्याला जर्मनमध्ये काय म्हणावं यावर संध्याकाळभर खल चालला. मीही दोन शब्द सुचवले. मग कुणाचे गणपती, कुणाची मंगळागौर. सगळ्यांचं कौतुक झालं. मुंजीत मात्र कुणाला जात दिसली नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मी जयंतीचं सांगितलं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, निळे झेंडे, वस्तीतलं एकत्र जेवण. आणि हेही सांगितलं, की आमची मिरवणूक देवळाच्या अलीकडून मागे वळते. वळवली जाते. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लहानपणी मी वडलांना विचारलं होतं, "दादा, फुडं का न्हाई जायाचं?" ते म्हणाले होते, "रस्ता हितंच संपतोय."

रस्ता संपत नव्हता. त्याच रस्त्याने एसटी रोज पुढे जायची.

ही गोष्ट मी मराठीत कधी कुणाला पुरती सांगितली नव्हती. सांगायला लागलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग विषय बदलतो. वाटलं, परक्या भाषेत जमेल. त्या शब्दांना आमच्या गावाची माहिती नाही. किती खुळी मी. शब्द परके होते, कान तेच होते.

सगळ्यांनी ऐकलं. कुणी ऐकलं ते मोबाईल दाखवतो. एकीनेही चूक सांगितली नाही. मी काही इतकं शुद्ध बोलले नव्हते.

घरी पोचल्यावर ताईंचा फोन आला. आवाज गोड.

"अगं, तुझं जर्मन छानच आहे. पण ग्रुपचं वातावरण बिघडतं ना. तू दिवाळीवर बोल, ग्रुपवर एकदा सॉरी म्हण. मी स्वतः तुझ्याबरोबर सराव करते."

"ताई, तुम्ही मुंजीचं सांगितलंत."

"ते कल्चर आहे गं."

"आणि माझं?"

"तुझं जरा... पॉलिटिकल होतं."

फोन स्पीकरवर होता, आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. पिरंगुटच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती भांडी घासते. मला बाहेर काढायचं, हा एकच ध्यास. म्हणाली, "सांग की दिवाळीचं. काय जातंय?"

"आपण करतो का दिवाळी?"

"न्हाई करत. पर त्यास्नी काय ठावं? मापी माग आन् जा निघून. आमी लई गिळलंय. तू येवढं गीळ."

मला तिचा राग आला. मग कळलं, हा घास तिला तिच्या आईने भरवला होता. आता तो माझ्यापुढे आला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर सॉरीही आपणच म्हणायचं.

मी मोबाईल उचलला. तोच आवाज पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली मराठीत लिहिलं, "मी सॉरी म्हणणार न्हाई. चुका असतील तर सांगा."

कुणी काही सांगायच्या आत केतकीताईंनी मला ग्रुपमधून काढलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एकीने खासगीत लिहिलं, "तू बोललीस ते बरोबर होतं, पण मला ग्रुपवर नाही लिहिता येत." मी उत्तर दिलं, "मग मलाही लिहू नकोस."

आई माझ्याशी धड बोलत नाही. जोडीदारीण मिळालेली नाही. दवाखान्याच्या गच्चीवर कपडे वाळत असतात, तिथे मी जेवणाच्या सुट्टीत उभी राहते आणि दोन्ही बाजूंनी मीच बोलते. प्रश्नही माझा, उत्तरही माझं. चुका सांगायला कुणी नाही, त्या माझ्या मलाच शोधाव्या लागतात. नापास झाले तर पुन्हा बसेन. भाषा काही ताईंच्या सोसायटीची नाही.

आणि परीक्षेत किंवा तिकडे गेल्यावर कुणी विचारलं, तुमच्याकडे सण कसा असतो, तर मी दिवाळी सांगणार नाही. मिरवणूक कुठून वळते ते सांगेन, आणि कोण वळवतं तेही.