वेशीतला पहिला बैल

बी.ए. होऊन मी इंदापूरकडच्या आमच्या गावी परतलो, त्याच वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, पंचायतीचे सरपंच निवडून आले. माळवं पिकवून, बारामतीच्या बाजारात विकून त्यांनी मला शिकवलं, घराण्यातला पहिला पदवीधर केलं. ते उपकार कशानंही फिटणारे नाहीत. म्हणूनच बेंदराला, बैलांच्या सणाला, वेशीतून पहिला बैल आमचा जावा, असं मला फार वाटे.

तो मान पिढ्यान् पिढ्या पाटलांचा. पाण्याचे, रस्त्याचे निर्णय आता पंचायत घेई, तरी मान तिथेच. पाटलांचा थोरला मुलगा बारामतीला माझ्याच वर्गात होता आणि शाळा अर्धवट टाकून परतला होता. पण फेटा बांधून पहिल्या बैलाचा कासरा धरणार तोच!

आदल्या दिवशी बैलाची शिंगं रंगवताना मी विषय काढला. "आबा, विलायतेत राजा नुसता गादीवर बसतो, कारभार निवडून आलेले करतात. इथंही कारभार तुमचाच. मग मान त्यांना कशाला?"

"तितल्या लोकांनी राजाला काढलाय का?"

"नाही."

"का न्हाय काढला?"

या प्रश्नाचं उत्तर लिहून मी परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. आता मी रंगाचा डबा आबांपुढे सरकवला.

"आडातला गाळ काढला न्हाय म्हणून शेजारची म्हातारी मला काय काय बोलली, ऐकलंस न्हवं?" आबा म्हणाले. "उद्या तिनं मला ओवाळलं, तर परवा तिचं तोंड उघडंल का?"

"एकच दिवस तर आहे."

"एका दिवसातच चटक लागती. शिंग धर नीट."

बेंदराला सगळं गाव वेशीपाशी जमलं. पाटलांचा बैल पुढे उभा. पाटील मागे वळले. पंचायत झाल्यापासून सरपंचाला विचारायची ही रीत त्यांनीच पाडली होती.

"काय आबा, सोडू का?"

"सोडा की, पाटील."

राजा मंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय पाऊल उचलत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथं डोळ्यांनी पाहत होतो, आणि जीव जळत होता. विचारायचं आमच्या आबांना, आणि मिरवायचं त्यांच्या पोरानं!

वेशीवर बांधलेलं तोरण तुटलं, हलगी कडाडली. पाटलांचा मुलगा माझ्याकडे बघून हसला. "काय बीए, बैल आवर की! मागं ऱ्हाशील."

ओवाळणाऱ्या बायकांत माझी आईही होती. तिनं आधी त्याला कुंकू लावलं, मग त्याच्या बैलाला. आमची पाळी आली तेव्हा तिच्या ताटातला दिवा विझला होता, आणि ती शेजारणीकडे आगकाडी मागत होती.