जळमटं काढायला आलेली बाई

"जळमटं काढायला बोलावलीय," सुमेधाताई म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवून.

मी त्यांच्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होते. डावा हात भिंतीवर, बोटं हळूहळू वर सरकवत. छातीचं ऑपरेशन झालं की खांदा आखडतो, तो मोकळा करायचा हा व्यायाम. माझा स्तन काढला त्याला तीन वर्षं झालेली. सुमेधाताईंचं ऑपरेशन ताजं. मी करून दाखवायचं, त्यांनी शेजारी उभं राहून करायचं. तेवढ्यात बेल वाजली. त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं, मागे आल्या, टीपॉय पुसायचं फडकं माझ्या हातात कोंबलं आणि मग दार उघडलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या पद्माताई आल्या होत्या, चकलीचा साचा मागायला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरी मिळाली गं तुला. दिवाळी तोंडावर, आणि बाया मिळत नाहीत. काय गं, आमच्याकडे येशील?"

मी मूग गिळून भिंत पुसत राहिले. स्वच्छ भिंत. माझा चहा टीपॉयवर अर्धा राहिला होता, फुलाफुलांच्या कपबशीत. सुमेधाताईंनी तो उचलून आत नेला आणि स्टीलच्या पेल्यात ओतून परत आणला. पेला खाली ठेवला, माझ्या पायांशी. "तो कोपरा राहिला बघ," म्हणाल्या. दोन मिनिटांपूर्वी मला अहो-जाहो करत होत्या. इतकं बारीकसारीक ऐनवेळी सुचत नाही. ते आधीपासून आत असावं लागतं.

मी गप्प का बसले? आमचा नियम. ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात माझे उपचार झाले तिथे आम्हा बऱ्या झालेल्या बायकांचा गट आहे. नव्या पेशंटला सोबत करायची, केमोच्या दिवशी शेजारी बसायचं, डॉक्टरांना काय विचारायचं ते शिकवायचं, ब्लाउजमध्ये घालायला कापसाचा पॅड शिवून द्यायचा. आणि दुसरीचा आजार आपल्या तोंडून बाहेर पडू द्यायचा नाही. सुमेधाताईंनी बिल्डिंगमध्ये टायफॉईड सांगितला होता. मी तोंड उघडलं असतं तर त्यांचं बिंग फुटलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पद्माताई गेल्या. दार लागलं. मला वाटलं, आता या माझा हात धरतील, म्हणतील, घाबरले हो, माफ करा. तेवढं पुरलं असतं मला.

त्या म्हणाल्या, "वाईट नाही ना वाटलं? तुम्हाला सवय असेल म्हणा."

सवय.

सुमेधाताई राहतात त्याच डोंबिवलीत माझ्या आईने लोकांची भांडी घासली. आम्ही कोकणातल्या बौद्धवाडीतले. आडनाव कळलं की आईचा कप वेगळा व्हायचा. गॅलरीत, कुंडीच्या मागे, पालथा. मला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा ती माझ्या खाकीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "आता कुणाच्या मोरीत बसू नको." आई आज असती आणि तो पेला तिने पाहिला असता तर? मी ठाकुर्लीला घरी जाईपर्यंत हाच विचार करत होते.

तरी मी पुन्हा गेले. का गेले, ते सांगते. मला खरंच वाटायचं की हा आजार सगळ्यांना एका ओळीत बसवतो. ऑपरेशनच्या टेबलावर सगळ्या सारख्याच आडव्या होतात. भूल चढली की कुणाची जात दिसते? मला वाटायचं, एवढं भोगल्यावर बाई बदलत असणार. मी बदलले होते ना.

सुमेधाताईंच्या केमोला मी शेजारी बसायचे. ओकारी आली की भांडं मी धरायचे. केस गळायला लागले तेव्हा मशीन मी फिरवली, त्या रडत होत्या म्हणून मीही रडले. त्यांचा नवरा त्या वेळी बेडरूममध्ये टीव्ही बघत होता. आणि एक दिवस वॉचमनने मला लिफ्टपाशी अडवलं. "मॅडमने बोला है, कामवाली उधर से." मागच्या बाजूला एक लिफ्ट होती, कचऱ्याचे डबे न्यायची. मी त्या लिफ्टने गेले. वर जाऊन काहीच बोलले नाही. पेशंट बाई, तिला कशाला त्रास द्या, असं स्वतःला समजावत राहिले.

उपचार संपले. फोन बंद झाले.

मी आता ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते, हुद्दा कंडक्टरचाच. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यापासून हात सुजतो, त्या खांद्यावर बॅग घेऊन गाडीत उभं राहता येत नाही. एका सकाळी खिडकीत सुमेधाताई. सोबत नवरा, नवे बारीक केस, छान दिसत होते. मी हसले. त्या म्हणाल्या, "पुण्याची गाडी किती वाजता?"

मी वेळ सांगितली. "थँक यू," म्हणाल्या. अनोळखी माणसाला म्हणतात तसं. गेल्या.

गरज सरो, वैद्य मरो. म्हण लहानपणापासून ऐकत होते. लागली त्या दिवशी. फडकं, पेला, मागची लिफ्ट, सगळं मी त्यांच्या भीतीच्या खात्यावर टाकलं होतं. खिडकीत कसली भीती होती? तिथे तर मला ओळखणारं त्यांच्या बिल्डिंगमधलं कुणी नव्हतं. त्या बाईने मला फसवलं. मी तिला मैत्रीण समजत होते आणि ती मला कामवाली समजत होती, पहिल्या दिवसापासून.

मग एका गुरुवारी हॉस्पिटलात पद्माताई दिसल्या. ओपीडीच्या बाकावर, फाईल छातीशी धरून. गुरुवारी माझी सुट्टी, मी तिथे नव्या पेशंटसाठी बसते. त्यांनी मला ओळखलं. "अगं, तू इथेही काम धरलंस?"

"नाही," मी म्हटलं. "मी इथली पेशंट होते. आता तुमच्यासारख्यांना सोबत करते."

त्यांना कळेना. मग कळायला लागलं. माझ्या छातीकडे बघितलं, मग माझ्या सुजलेल्या हाताकडे. "मला दिवाळीच्या आधीच छातीत गाठ लागली होती हाताला," त्या हळू म्हणाल्या. "कुणाला विचारू कळेना. आमच्या बिल्डिंगमध्ये असलं कुणाला झालेलंच नाही."

दिवाळीच्या आधी. म्हणजे त्या दारात उभ्या होत्या तेव्हा ती गाठ होती. आणि हातभर अंतरावर मी होते, सगळी माहिती असलेली, हातात फडकं घेऊन. दिवाळी गेली, होळी गेली. गाठ वाढत राहिली. मला संताप आला. सुमेधाताईंचा आला, माझाही आला.

मी पद्माताईंच्या शेजारी बसले. आज डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगितलं, आत सोबत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे भरलेले. "घरी याल ना हो? तुम्ही आलात तर धीर येईल."

"येईन की."

"आणि बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर... कामाला ठेवलीय म्हणून सांगू. सुमेधाकडेही असंच केलं असणार, कळलं मला आता. तुम्हाला जमतं ना ते."

मी हात सोडवून घेतले.

"नाही," मी म्हटलं. "तुमचा आजार मी कुणाला सांगणार नाही. माझा लपवणार नाही. कुणी विचारलं, तर मी एसटीत कंडक्टर आहे, मला कॅन्सर झाला होता, मी बरी आहे, असं सांगेन. पुढच्या लिफ्टने येईन. चहा कपबशीत घेईन. चालत असेल तर बोलवा."

"मग सगळ्यांना कळेल," त्या म्हणाल्या.

"कळू दे. तुमच्या बिल्डिंगमध्ये अजून एखादी गाठ घेऊन बसली असेल."

त्या फाईल उचलून गेल्या. अजून बोलावलेलं नाही. त्यांच्या जिवाची काळजी वाटते, रोज वाटते. पण त्या मागच्या लिफ्टने मी जाणार नाही.

आता दर गुरुवारी मी खाकी घालूनच ओपीडीत जाते. बाकांच्या समोरच्या भिंतीला हात लावते आणि बोटं वर चढवते, सगळ्यांच्या देखत. कुणी विचारलं, हे काय करता, की सांगते. मोठ्याने सांगते. बायका उठून शेजारी उभ्या राहतात, काही राहत नाहीत. पद्माताई शेवटच्या बाकावर असतात, मान खाली घालून. भिंत त्यांनाही मोकळी आहे. फडकं मात्र माझ्या हातात आता कुणी देऊन बघावं.