पुलावरून मारलेली हाक

श्यामकांत दीक्षित म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. स्वभावानं तर खराच, पण रस्त्यावरसुद्धा. वाईला त्याचे वडील पुढे आणि आई चार पावलं मागे, अशी जोडी देवळात निघायची. तीच रीत त्यानं जर्मनीत, डार्मश्टाटला आणली आणि वसुधानंही ती बिनबोभाट पाळली. नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या कोटाची पाठच तिच्या जास्त ओळखीची होती.

ही बासष्ट सालची गोष्ट. लग्नानंतर सहा महिन्यांत श्यामकांत डॉक्टरेटसाठी जर्मनीला गेला, आणि तीन वर्षांनी वसुधा बोटीनं त्याच्याकडे आली. काय दिवस होते ते! एका खोलीचा संसार, डाळ म्हणून सुके पिवळे वाटाणे, आणि फोडणी तडतडली की घरमालकीण फ्राऊ क्रेमर खिडक्या उघडत फिरायची. पुढे घर आलं, गाडी आली, पण त्या खोलीची सर कशालाच आली नाही, असं वसुधाबाई म्हातारपणी म्हणायच्या. तेव्हा मात्र त्याच खोलीत बसून त्या रोज रडत. श्यामकांत दिवसभर प्रयोगशाळेत, बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

म्हणून जूनमधल्या एका रविवारी तो तिला हायडेलबर्ग दाखवायला घेऊन निघाला. आगगाडीत खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "वसुधा, तुला इथं करमत नाही. माझं आटपेपर्यंत वाईला जाऊन राहतेस का? सप्टेंबरच्या बोटीचं बुकिंग करायला हवं. आज रात्रीपर्यंत सांग."

तो काळजीनं बोलला होता. तिनं मात्र अर्थ घेतला की आपण यांना नकोशा झालोय. हो म्हणवत नव्हतं आणि नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

तांबड्या दगडाचा पडका किल्ला बघून झाला. श्यामकांत पुढे, बुरुजांची सनावळी सांगत. वसुधा मागे, हूं हूं करत. तळघरातलं घराएवढं दारूचं पिंप पाहून तेवढं ती म्हणाली, "एवढी कोण पीत होतं हो?" मग "आता पूल बघू आणि बोटीतून फिरू," असं म्हणून तो गल्लीबोळांतून नदीकडे उतरू लागला.

एका बोळात एक म्हातारी उंबऱ्यावर बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होती. वसुधाची आई अशीच बसायची. वसुधाचे पाय थबकले. म्हातारी हसली, जरा सरकली आणि तिनं मूठभर शेंगा पुढे केल्या. वसुधा साडी सावरून तिच्याशेजारी टेकली. या देशात आल्यापासून तिला पहिल्यांदा बरं वाटलं. चार शेंगा झाल्या असतील नसतील, तिनं वर पाहिलं तर कोट दिसेनासा झालेला.

पैसे, खोलीची किल्ली, परतीची तिकिटं, सगळं त्याच्या खिशात. ती धावत पुलाच्या मध्यावर पोचली. खाली नदीतून एक पांढरी बोट पुलाकडे येत होती आणि डेकवर श्यामकांत बसला होता! दोन तिकिटं काढून, मागे न बघता, गडी फळीवरून चढला होता. शेजारच्या जागेवर त्यानं हॅट ठेवली होती, वसुधासाठी. बघत होता मात्र समोरच्या डोंगराकडे.

"अहो!" तिनं हाक मारली. बोटीवर अकॉर्डियन वाजत होतं. "अहो, इकडे!" पण ते स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत पोचायचं संबोधन, नदीवर त्याचा काय निभाव लागणार! बोट कमानीशी आली. त्याचं नाव तिनं आजवर एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, मान खाली घालून.

"श्यामकांत!" वसुधा ओरडली. "अहो श्यामकांत!"

अकॉर्डियन थांबलं. सगळ्या बोटीनं वर पाहिलं. त्यानंही पाहिलं, मग शेजारच्या हॅटकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बोट पुढच्या बंधाऱ्याच्या दरवाजात पाणी सारखं व्हायची वाट बघत थांबली तेव्हा नावाड्यानं हसत हसत त्याला काठावर उतरवलं. तिथून तो पळतच पुलावर आला.

"मला वाटलं, तू मागेच आहेस," तो धापा टाकत म्हणाला.

"मी वाईला होते तेव्हाही तुम्हाला तसंच वाटत होतं." आपण हे बोलतोय यावर वसुधाचाच विश्वास बसेना. "तीन वर्षं मागे राहिले, ते पुरे झालं. मला परत पाठवू नका. बोटीचं बुकिंग कधी करायचंच झालं, तर दोघांचं करा."

"मला वाटलं, तुलाच जायचंय," श्यामकांत म्हणाला. "तू गेलीस तर ती खोली मला खायला उठेल गं."

पुलावरून जोडपी हातात हात अडकवून चालली होती. श्यामकांतनं त्यांच्याकडे पाहिलं आणि अवघडत आपलं कोपर पुढे केलं. वसुधानं सवयीनं मागे वळून पाहिलं, कुणी वडीलधारं बघत नाही ना. मग तिनं त्याचा हात घट्ट धरला.